वारंवार मुरगळणाऱ्या घोट्यासाठी मनातला सराव: सहा आठवड्यांची पद्धत

पाय पहिल्यांदा जोरात मुरगळतो तेव्हा घरातले सगळे धावून येतात, आंबेहळदीचा लेप लागतो, क्रेप बँडेज बांधले जाते आणि महिन्याभरात माणूस कामाला लागतो. तोच पाय तिसऱ्यांदा किंवा चौथ्यांदा मुरगळतो तेव्हा कुणी फारसे विचारत नाही, आणि रुग्ण स्वतःही ‘माझा पाय असाच आहे’ म्हणून गप्प बसतो. सोलापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना अशी माणसे मला सतत भेटतात. पूर्व भागात यंत्रमागावर पाळीभर उभे राहणारे कामगार त्यांत असतात, पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी मुले असतात, विड्यांचा माल कारखान्यात देऊन पायी घरी परतणाऱ्या बायका असतात. तक्रार मात्र सगळ्यांची सारखीच असते: दुखत नाही, पण पाय दगा देतो.

वैद्यकीय भाषेत याला घोट्याची दीर्घकालीन अस्थिरता म्हणतात. यावर एका पायावर उभे राहणे, तोल-फळीवर उभे राहणे, रबरी पट्टीने पाऊल बाहेर ओढणे हे व्यायाम दिले जातात आणि ते बहुतेकांना माहीतही असतात. त्यांच्या जोडीने करायचा एक कमी परिचित सराव या लेखात सविस्तर सांगते आहे. त्यात पायाची हालचाल प्रत्यक्ष न करता ती मनात, पण अंगाला जाणवेल अशी करून पाहायची असते. वैद्यकीय लिखाणात त्याला मोटर इमेजरी असे नाव आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. तोलाच्या व्यायामांचा फायदा अनेक चाचण्यांत दिसून आला आहे, तर घोट्यासाठीच्या मनातल्या सरावावरील संशोधन अजून लहान गटांवरचे आहे. त्यामुळे हा सराव मी औषधाबरोबरच्या अनुपानासारखा देते, औषधाच्या जागी देत नाही.

आधी खात्री करून घ्या

नुकताच मुरगळलेला पाय आणि वर्षानुवर्षे दगा देणारा पाय यांची गल्लत करू नये. ताज्या मुरगळीत घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या टोकावर अथवा मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, करंगळीकडील लांब हाडाच्या बुंध्याशी किंवा पावलाच्या कमानीवरच्या हाडाशी दुखत असेल, किंवा मुरगळल्यानंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. हे नियम कॅनडातील ओटावा येथे १९९२ साली मांडले गेले आणि आजही जगभर वापरले जातात.

अस्थिरतेचे निकष वेगळे आहेत. घोट्याच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१३ साली सुचवल्याप्रमाणे पहिली मोठी मुरगळ किमान १२ महिन्यांपूर्वीची असावी आणि गेल्या ६ महिन्यांत पाय किमान दोनदा अचानक वळलेला असावा. त्याबरोबर कंबरलँड नावाची ९ प्रश्नांची, ३० गुणांची प्रश्नावली भरून घेतात. २४ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर घोटा अस्थिर धरतात. सांधा मध्येच अडकत असेल, आत खोलवर दुखत असेल किंवा सूज कधीच पूर्ण उतरत नसेल, तर कूर्चेला इजा झालेली असू शकते आणि तिथे अस्थिरोगतज्ज्ञाचेच काम असते. मधुमेहामुळे तळव्याला बधिरपणा आलेल्यांनीही हा लेख वाचून परस्पर सुरुवात करू नये.

दुखणे घोट्यात, उशीर मेंदूत

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, असतात. पाऊल आत वळते तेव्हा बहुधा त्यांतला पुढचा आधी ताणतो किंवा तुटतो. तो कालांतराने भरून येतो, मग घोटा पुन्हा पुन्हा का वळावा? १९६५ साली ब्रिटनमधील फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की अस्थिबंधाबरोबर त्यातील संवेदना नेणारे मज्जातंतूही दुखावतात आणि पाऊल कुठे, कोणत्या कोनात आहे याची बातमी मेंदूला नीट पोहोचत नाही. पुढच्या संशोधनाने या कल्पनेत बरीच भर घातली. बातमी अर्धवट येत राहिली की मेंदू आपली सवय बदलतो, पायावरचा विश्वास कमी करतो आणि डोळ्यांवर अधिक विसंबू लागतो. म्हणूनच अशा माणसाचा पाय दिवसा बरा चालतो आणि वीज गेली की जिन्यात दगा देतो.

आता वेळेचा हिशेब पाहू. मुरगळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होऊन जाते. पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनियल स्नायू पाऊल बाहेर ओढून घोटा वाचवू शकतात, पण वळण सुरू झाल्यावर जागे होऊन जोर धरायला त्यांना तेवढा वेळ पुरत नाही. याचा अर्थ असा की बचाव पाऊल टेकण्याआधी, ते हवेत असतानाच सुरू झालेला असावा लागतो. हे काम अंदाजाचे आहे, आणि अंदाज बांधणारे मेंदूचे भागच, म्हणजे हालचालीची आखणी करणारा पुढचा भाग, शरीराचा नकाशा सांभाळणारा पार्श्वभाग आणि लहान मेंदू, मनात हालचाल करतानाही काम करतात. मनातल्या सरावाचा घोट्याला उपयोग व्हावा असे मला वाटते ते याच कारणाने.

स्नायूच्या ताकदीबाबत एक जुना प्रयोग आवर्जून सांगण्यासारखा आहे. १९९२ साली यू आणि कोल यांनी काही जणांकडून हाताची करंगळी बाजूला ढकलण्याचा सराव चार आठवडे करून घेतला. प्रत्यक्ष जोर लावणाऱ्यांची ताकद सुमारे ३० टक्के वाढली, तर फक्त मनात जोर लावणाऱ्यांची सुमारे २२ टक्के. अर्थात करंगळीचे आकडे घोट्याला जसेच्या तसे लावू नयेत. स्नायू जागचा न हलताही त्याला मिळणारा हुकूम सुधारतो, एवढेच त्यातून घ्यायचे.

पायरी पहिली: आजचा पाय मोजून ठेवा

भिंतीजवळ उभे राहा, म्हणजे तोल गेल्यास हात टेकता येईल. आधी चांगल्या पायावर आणि मग अस्थिर पायावर, डोळे उघडे ठेवून आणि नंतर मिटून, किती सेकंद उभे राहता येते ते मोबाईलच्या घड्याळावर मोजा. डोळे मिटल्यावरचा दोन्ही पायांमधला फरक विशेष जपून लिहा.

दुसरे मोजमाप जमिनीवर करायचे. शहाबादी फरशी असेल तर तिच्या सांध्यांचा आयताच उपयोग होतो. नसेल तर खडूने एक रेष पुढे आणि दोन तिरक्या रेषा मागे काढा, मागच्या दोन रेषांमध्ये काटकोन असू द्या. तिन्ही रेषा मिळतात तिथे अस्थिर पाय ठेवून दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने प्रत्येक रेषेवर जमेल तितके लांब हलकेच शिवायचे, टाच उचलू द्यायची नाही. तीन प्रयत्नांतला सर्वांत लांबचा आकडा टेपने मोजून लिहा आणि मग दुसऱ्या पायाचेही तसेच करा. हे आकडे सहा आठवड्यांनी परत लागतील.

पायरी दुसरी: मनात पाय हलतो का ते पाहा

खुर्चीत बसून तळवा जमिनीला टेकवा आणि पावलाची बाहेरची कडा तीनदा वर उचला. आता डोळे मिटून, पाय न हलवता, तीच हालचाल मनात तीनदा करा. जाणवलेच नाही तर १ आणि खऱ्यासारखे जाणवले तर ५, असे गुण स्वतःला द्या. दिसण्याचे गुण वेगळे लिहा, जाणवण्याचे वेगळे.

मग वेळेची परीक्षा घ्या. गच्चीत किंवा अंगणात दहा पावले नेहमीच्या चालीने चालून वेळ मोजा आणि नंतर उभे राहून तीच दहा पावले मनात चाला. देसेती, जॅनरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवले की निरोगी माणसाला मनातल्या चालण्यास प्रत्यक्षाइतकाच वेळ लागतो. तुमची मनातली पावले निम्म्या वेळात संपत असतील, तर मन पावले टाकत नाही, फक्त मोजते आहे, असे समजा. पहिल्या आठवड्यात याच ठिकाणी अधिक वेळ द्यावा.

‘मॅडम, मी चालताना दिसतोय, पण पाय काही कळत नाही,’ असे एका माग-कामगाराने मला सांगितले होते. त्याला विचारल्यावर लक्षात आले की तो स्वतःला समोरून, दुकानातल्या सीसीटीव्हीत दिसावे तसा पाहत होता. या सरावात होणारी सर्वांत मोठी चूक हीच आहे. घोटा बाहेरून पाहून उपयोग नाही, तो आतून जाणवला पाहिजे. मी त्याला डोळे मिटण्याआधी गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला, चार बोटे अंतरावर, हाताचा पंजा ठेवून पाऊल बाहेर वळवायला लावले. बोटांखाली स्नायू टणक होतो, ती जाणीव त्याने दहा वेळा घेतली आणि मग हात तसाच ठेवून मनात केली. तिसऱ्या दिवशी त्याला पाय ‘कळायला’ लागला.

काहींच्या मनात चित्र मुळी उमटतच नाही. या स्थितीला २०१५ पासून अफँटेशिया असे नाव मिळाले आहे आणि तो आजार नव्हे. अशांनी चित्राचा नाद सोडून स्पर्श, दाब आणि ताण यांवरच भर द्यावा; तेही जमत नसेल तर स्वतःच्या चांगल्या पायाची हालचाल मोबाईलवर चित्रित करून, ती लक्ष देऊन पाहून, लगेच अस्थिर पायाने करावी.

पायरी तिसरी: जागा, वेळ आणि चप्पल

होम्स आणि कॉलिन्स यांनी २००१ साली खेळाडूंसाठी पेटलेप या नावाची सात मुद्द्यांची चौकट मांडली. तिचा मथितार्थ असा की मनातला सराव खऱ्या कामाच्या जितका जवळचा असेल तितका बरा: तेच पादत्राण, तीच जागा, तीच उभे राहण्याची पद्धत, तोच वेग आणि त्या वेळी मनात येणारी भावनाही तीच. म्हणून पलंगावर पडून, पंखा लावून, डुलकी घेत हा सराव करू नये. ज्या चपलेत पाय वळतो ती चप्पल घाला, आणि तिची बाहेरची कड झिजलेली असेल तर आधी ती बदला, कारण झिजलेल्या चपलेची भरपाई कोणताही सराव करू शकत नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी लक्ष लागत नाही, हे मी रुग्णांशी वाद घालून शिकले आहे. पहाटे, किंवा पाळीवरून आल्यावर हातपाय धुऊन पाणी प्यायल्यावरची वेळ बरी. मागाच्या खडखडाटात काम करणाऱ्यांनी सुरुवात शांत जागी करावी, पण चौथ्या आठवड्यापासून तो आवाज मुद्दाम सरावात आणावा, कारण त्यांचा पाय त्याच आवाजात वळतो.

पायरी चौथी: स्वतःचा मजकूर लिहा

पाय कुठे वळला ती जागा आठवा आणि त्या ठिकाणी पाऊल कसे नीट पडेल याचे वर्णन स्वतःच्या बोलीत लिहून, मोबाईलवर स्वतःच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करा. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर त्याच भाषेत करा. पायाला तीच भाषा जवळची. मजकूर वर्तमानकाळात असावा आणि त्यात दिसण्यापेक्षा लागण्या-टेकण्याचे शब्द जास्त असावेत. सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळ खचलेल्या पेव्हर ब्लॉकवर पाय वळलेल्या एका बाईंसाठी आम्ही मिळून लिहिलेला मजकूर असा होता:

‘उजवा पाय उचलते. चपलेचा पट्टा अंगठ्याला लागतो आहे. सगळा भार डाव्या पायावर आहे. उजवे पाऊल हवेत आहे, पोटरीची बाहेरची बाजू हलकीच आवळली, करंगळीकडची कडा थोडी वर आली. टाच टेकली. ब्लॉकचा खडबडीतपणा टाचेला कळतो. कोपरा खाली बसला, बाहेरची कडा खाली जायला बघते. पोटरी धरून आहे, पाऊल सपाट आहे. भार अंगठ्याच्या बुडाशी आला. डावा पाय पुढे गेला.’

वाचायला हे लांबलचक वाटते. म्हणून आधी ते सावकाश, वाक्यावाक्याला थांबून ऐकायचे, आणि नंतर ध्वनिमुद्रण बंद करून तेच पाऊल खऱ्या वेगाने मनात टाकायचे. त्यात पोटरी पाऊल टेकण्याआधी आवळते, टेकल्यानंतर नाही, हे नीट पाहा. मजकुराचा सगळा भर त्या एका क्षणावर आहे.

पायरी पाचवी: सहा आठवडे

आठवड्यातून पाच दिवस, दररोज १२ ते १५ मिनिटे पुरतात. एकदा प्रत्यक्ष आणि तीनदा मनात, असे आळीपाळीने करावे. प्रत्यक्ष केलेल्या हालचालीची ताजी जाणीव पुढच्या तीन मनातल्या फेऱ्यांना उसनी मिळते आणि थकवाही येत नाही.

पहिला आठवडा खुर्चीतच जाईल: पाऊल बाहेर वळवणे, टाच उचलणे, पावलाचा भार करंगळीकडून अंगठ्याकडे नेणे. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही पायांवर उभे राहून, एका पायावर उभे असल्याचे मनात करा आणि मध्येच प्रत्यक्ष दहा सेकंद उभे राहा. तिसऱ्या आठवड्यात मऊ पृष्ठभाग हवा. त्यासाठी बाजारातली महाग फोमची पट्टी घेण्याची गरज नाही. घरातली जाड सोलापुरी चादर आठपदरी घडी करून भिंतीजवळ ठेवली की काम भागते. ती फरशीवर घसरू नये म्हणून खाली रबरी पायपुसणे घाला.

चौथ्या आठवड्यापासून स्वतःचा मजकूर ऐकायला घ्या. पाचव्या आठवड्यात नजर आणि लक्ष दुसरीकडे गुंतवायचे. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलण्याची तयारी करणारा एक तरुण माझ्याकडे आला होता. उंच काठी तोलताना नजर वर लागलेली असते, पायांकडे पाहण्याची सोय नसते, आणि त्याचा घोटा तर डोळ्यांच्या आधाराने चालायला शिकलेला होता. आम्ही त्याला मान वर करून, डोळे उघडे ठेवून, छताकडे पाहत मनात पावले टाकायला लावली. प्रत्यक्ष सरावात त्याने हातात नुसती बांबूची काठी धरली. माग-कामगाराने तुटलेला धागा जोडायला वाकल्याचे, बाईंनी डोक्यावरची पाटी सांभाळत वळल्याचे मनात करावे. तत्त्व तेच आहे. सहाव्या आठवड्यात वेग वाढवा, दिशा बदला, संध्याकाळच्या कमी उजेडात तोच रस्ता मनात चाला आणि शेवटी, सोबत कुणाला घेऊन, प्रत्यक्ष चाला.

कुठे चुकते

मनात सराव करताना पोटरी खरोखर आवळली जाते का ते हात ठेवून पाहा; हलकी थरथर चालेल, पण पाय हलत असेल तर तो प्रत्यक्ष व्यायाम झाला. दुसरी चूक अधिक नुकसान करते. काही जण डोळे मिटले की मुरगळीचाच प्रसंग पुन्हा पाहतात, कळ आठवून दचकतात, आणि नकळत पडण्याचाच सराव करतात. असे झाल्यास मजकूर तिथेच थांबवा, डोळे उघडा, प्रत्यक्ष सपाट फरशीवर तीन पावले टाका आणि मग नीट पडलेल्या पावलापासून पुन्हा सुरुवात करा. भीती आहे हे नाकारू नका, पण तिला मजकुराचे शेवटचे वाक्य होऊ देऊ नका. आणि पंधरा मिनिटांचा सराव चाळीस मिनिटांवर नेल्याने काही मिळत नाही. लक्ष उडाल्यानंतरच्या फेऱ्या फुकट जातात. घोट्याचा सपोर्ट किंवा टेप वापरत असाल तर खेळताना तो चालू ठेवा, सराव संपला म्हणून लगेच काढू नका.

सहा आठवड्यांनी पहिल्या पायरीतली दोन्ही मोजमापे पुन्हा घ्या आणि कंबरलँड प्रश्नावली पुन्हा भरा. मी डोळे मिटून उभे राहण्याचा आकडा आधी पाहते. डोळे उघडे ठेवून तोल सुधारला आणि मिटल्यावर तसाच राहिला, तर पाय अजून नजरेवरच चालतो आहे असे धरून पाचवा आठवडा परत करावा. आकडे जागचे हललेच नाहीत, किंवा या काळात पाय पुन्हा पुन्हा वळत राहिला, तर अस्थिबंध किती सैल आहे याची तपासणी अस्थिरोगतज्ज्ञाकडून करून घ्यावी.

मध्येच पाय पुन्हा मुरगळला तर

असे होते, आणि बहुतेक जण इथेच सराव सोडतात. ओटावाचे नियम लावून हाड सुरक्षित आहे याची खात्री करा, पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. प्रत्यक्ष व्यायाम काही दिवस बंद राहतील, पण मनातला सराव बंद करायचे कारण नाही. उलट त्याचा खरा उपयोग याच दिवसांत आहे. २०१४ साली अमेरिकेत क्लार्क आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांचे मनगट चार आठवडे प्लास्टरमध्ये ठेवले. नुसते प्लास्टर असलेल्यांची ताकद सुमारे ४५ टक्के घटली. प्लास्टरच्या आत मनातच मनगट जोराने आवळण्याचा सराव आठवड्यातून पाच दिवस करणाऱ्यांची सुमारे २४ टक्के घटली.

सूज उतरेपर्यंत दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटे, पहिल्या आठवड्याच्याच हालचाली मनात करा: पाऊल बाहेर, टाच वर, भार अंगठ्याकडे. मनात करतानाही कळ येत असेल तर हालचाल लहान करा किंवा आधी चांगल्या पायाने मनात करून मग दुखऱ्याकडे या. न लंगडता घरात चालता येऊ लागले की खुर्चीतला आठवडा प्रत्यक्षासह पहिल्यापासून धरा, आणि तो पूर्ण होईपर्यंत पेव्हर ब्लॉकचा मजकूर लावू नका.